तोंड आत करून दिलेला पुकारा

एका बाईचा पुकारा मी मुद्दाम तिला ऐकू जाणार नाही असा दिला. हे आधीच सांगून टाकतो. मधे कुठेतरी सांगू म्हटलं, तर मी ते टाळीन, हे मला माहीत आहे.

मी तालुक्याच्या कोर्टात शिपाई. केस निघाली की शिपायाने दारात उभं राहून पक्षकाराचं नाव तीनदा पुकारायचं, अशी आमच्याकडची पद्धत. लोक काही दारात बसून नसतात. कुणी आवारातल्या लिंबाखाली, कुणी चहाच्या टपरीवर. माझा आवाज मोठा. तिसरा पुकारा मी पायरी उतरून, तोंडाला हात लावून देत असे आणि तो रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत जाई. वकील म्हणायचे, तुम्ही रिटायर झालात की कोर्टाला भोंगा बसवावा लागेल. मला ते ऐकायला आवडायचं.

तेव्हाचे साहेब अतिशय सरळ होते. वकिलांच्या खोलीतला चहासुद्धा घेत नसत. त्यांच्या हाताखाली काम करतो म्हणून मीही स्वतःला तसाच समजत होतो.

त्या वर्षी मला म्हैस घ्यायची होती. घोडेगावच्या बाजारात एक ओळखीचा दलाल भेटला. ओळख कोर्टातलीच. त्याच्या बायकोने त्याच्यावर पोटगीचा अर्ज केला होता आणि त्यासाठी तो तारखांना यायचा. माझ्यासाठी तो अर्धा बाजार फिरला, दात बघितले, धार काढून बघितली, रुमालाखाली बोटं दाबून भाव पाडला आणि दलाली घेतली नाही. कोर्टातली माणसं म्हणजे आपली घरची, म्हणाला. म्हैस खरंच चांगली निघाली. घरात सगळे त्याचं कौतुक करायचे.

पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी तो टपरीवर आला. चहा झाल्यावर सहज म्हणाला, "उद्या बायकोची तारीख हाय. तुमचा आवाज लई खणखणीत. उद्याच्याला जरा घसा बसू द्या."

मी हसलो. हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. मी हो म्हणालो नव्हतो, हे पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत राहिलो.

त्या बाईची हकिगत मला माहीत होती. नवऱ्याने हाकलल्यावर ती माहेरी आली होती आणि हंगामात भावाबरोबर ऊसतोडीला जायची. बरोबर लहान मुलगी. एकदा पाणी प्यायला आली तेव्हा म्हणाली होती, पोटगी सुरू झाली की पोरीला फडावर न्यायचं नाही, आईजवळ ठेवून शाळेत घालायचं. तिचं सगळं या अर्जावर होतं. फडावर अडकल्यामुळे आधीच्या दोन तारखांना ती येऊ शकली नव्हती, म्हणून साहेबांनी शेवटची संधी दिली होती. सरकारतर्फे मिळालेला तिचा वकील त्या दिवशी नगरला दुसऱ्या कामात होता.

ती मात्र आली होती. मुकादमाची बोलणी खाऊन आली होती, हे नंतर कळलं. सकाळपासून मुलीला घेऊन लिंबाखाली बसली होती. मी तिला बघितलं होतं.

तिची केस निघाली. मी दारात गेलो आणि तोंड आत केलं. साहेबांना स्वच्छ ऐकू जाईल असं तीनदा नाव घेतलं. पाठ आवाराकडे होती.

साहेबांनी विचारलं, "बाहेर पुकारलंत?"

"तीनदा पुकारलं, साहेब."

त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. मग अर्जदार गैरहजर म्हणून त्यांनी अर्ज काढून टाकला.

जेवणाच्या सुट्टीत ती आली. "दादा, माजा पुकारा कवा व्हायचा?"

झाला, तुम्ही नव्हता, असं मी म्हणालो. ती भांडेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. त्याची गरज पडली नाही.

"मी तर हितंच हुते," ती म्हणाली. मग स्वतःच कानाला हात लावला. "फडावर दिवसभर ट्रॅक्टर. कान गेला वाटतं माजा."

मुलीचं बोट धरून ती फाटकाबाहेर गेली. त्या संध्याकाळी घरी नेहमीसारखं दूध तापलं आणि मी ते प्यालो.

पुढे चार लोक जमले, न्याय विकला जातो असा विषय निघाला की मी ठासून सांगायचो, आमचे साहेब तसले नव्हते. ते खरंच होतं. साहेबांना कुणी विकत घेतलं नव्हतं. तशी गरजच पडली नव्हती.

बऱ्याच वर्षांनी सरकारी दवाखान्यात गुडघा दाखवायला गेलो, तर रांगेत ती होती. तिनेच मला ओळखलं. शेजारी उभ्या असलेल्या आपल्या तरुण मुलीला म्हणाली, "ह्ये पुकारा देनारे दादा. ह्यांनी आवाज दिल्ता, मलाच ऐकू आलं न्हाई."

ती कान तपासायला आली होती. डॉक्टर म्हणत होते कान चांगला आहे, पण तिचा विश्वास बसत नव्हता. पुन्हा अर्ज का केला नाहीत, मी विचारलं. वकिलाने पुन्हा करायला सांगितलं होतं, म्हणाली. "पर परत ऐकू आलं न्हाई तर? सायबाचा येळ कशाला घालवायचा."

मुलीच्या तळहातावर कोयत्याचे घट्टे होते. तिचं शाळेत जाणं त्याच हंगामात राहून गेलं होतं.

माझा नंबर लागला तसा मी उठून आत गेलो. त्या आठवड्यात हल्लीच्या साहेबांना सगळं लिहून दिलं. चौकशी लागली आहे आणि ती लागायलाच हवी होती. पण जिचा अपराध केला तिला सांगणं राहिलं होतं.

एसटीने तिच्या गावी गेलो. ती अंगणात ज्वारी निवडत होती, मुलगी जवळच होती. बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. शेजारच्या ओट्यावर बायका होत्या, म्हणून मी खालच्या आवाजात सुरुवात केली.

"मोठ्यानं बोला, दादा," ती म्हणाली. "मला कमी ऐकू येतं."

मी उठून उभा राहिलो. कोर्टाच्या पायरीवरून त्या दिवशी काढायला हवा होता, त्या आवाजात म्हणालो, "तुमच्या कानाला काही झालेलं नाही. मी तुमचं नाव बाहेर पुकारलंच नव्हतं. तुमच्या नवऱ्याच्या सांगण्यावरून तोंड आत करून पुकारलं आणि साहेबांना खोटं सांगितलं. तुमचं आणि या पोरीचं वाटोळं मी केलं. अर्ज पुन्हा लावा, मी साक्षीला उभा राहीन. मला माफ करा."