आतोबांची सात दारं

खालापूर तालुक्यातली जमीन दोनदा मोजलेला माणूस जगात एकच झाला आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. एकदा त्यांनी ती सरकारसाठी मोजली, कारण मोजणी खात्यात ते नोकरीला होते. आणि एकदा राक्षस, नागराज, पऱ्या वगैरे मंडळींसाठी मोजली, कारण त्यांच्या मते या मंडळींच्या हद्दी आजवर कोणी नीट लावूनच दिलेल्या नव्हत्या. दोन्ही मोजण्या ते सारख्याच गांभीर्यानं करत आणि अधूनमधून त्यांची सरमिसळही होई. एका शेताच्या चतुःसीमा लिहिताना त्यांनी ‘पूर्वेस अदृश्य तळे’ असं लिहून कागद वर पाठवला होता. साहेबांनी खुलासा मागवला. आतोबांनी उत्तर लिहिलं, ‘श्रावणात समक्ष यावे, दृश्य होईल.’ साहेब श्रावणात आले, तळं दृश्य झालं होतं, आणि साहेबांचा एक बूट त्यातच राहिला. आम्ही भाचरं त्यांना आतोबा म्हणायचो म्हणून हळूहळू सगळं गावच त्यांना आतोबा म्हणायला लागलं. त्यात त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही होती.

गाव पाताळगंगेच्या काठी. नदीचं नाव सरकारी नकाशातच पाताळगंगा असल्यामुळे आतोबांचं निम्मं काम सरकारनंच करून ठेवलं होतं. वर खोपोलीकडच्या वीजघरातून सुटलेलं पाणी या नदीला भर मे महिन्यातही असायचं. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला लागलं की आतोबा घड्याळात बघून म्हणत, “दार उघडलं खालचं.” समोर इर्शाळगडाचा सुळका आहे. त्याला आरपार भोक आहे, नेढं म्हणतात त्याला. त्या नेढ्यातून रोज संध्याकाळी कोणीतरी खाली बघतं, असं आतोबांचं म्हणणं. कोण ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण त्या दिशेला पाठ करून बसलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नाही. जेवायचा पाटसुद्धा ते तसा फिरवून घेत. आत्या म्हणायची, “ह्यांच्याशी लगीन झालं तवापासनं माजी दिशाच बदलली.” हे ती कौतुकानं म्हणायची की कंटाळून, ते मला कळायचं नाही. बहुतेक दोन्ही असावं.

मे महिन्याच्या सुट्टीत आतोबा मुलांचा जो खेळ मांडत, त्यासाठी मी ठाण्याच्या घरी वर्षभर बोटांवर दिवस मोजत असे. नदीपासून गावामागच्या टेकडीपर्यंत सात दारं. दार म्हणजे कुठं दोन वडांच्या पारंब्या, कुठं नुसती दोन लाल निशाणं. मुलांच्या चार टोळ्या, प्रत्येकीत पाच जण. प्रत्येक दाराशी एक राखणदार. त्यानं कोडं घालायचं किंवा कसोटी घ्यायची, मग पुढं सोडायचं. राखणदार गावातलीच मोठी माणसं असत आणि वर्षभर आपापल्या भूमिकेची वाट बघत. तिसऱ्या दारावर शाळेचे गुरुजी मौनी ऋषी व्हायचे. त्यांच्याच्यानं मौन पाळलं जात नसे, म्हणून मुलांना कोड्याच्या आधी उत्तर कळायचं. सातव्या दाराशी, टेकडीवर, सगळा गाव चटया टाकून बघायला बसायचा आणि आतोबा तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा भोंगा घेऊन कोणती टोळी कोणत्या संकटात आहे ते ओरडून सांगायचे. टोळ्या झाडीत दिसेनाशा झाल्या तरी त्यांचं सांगणं थांबत नसे; उलट तेव्हाच ते जास्त रंगायचं. जिंकणाऱ्या टोळीला बक्षीस एकच: तालुक्यातल्या बिननावाच्या एखाद्या जागेला नाव देण्याचा हक्क. एका ओहोळाला त्यामुळे कायमचं ‘गोट्यानं ढकललं ती जागा’ हे नाव पडलं आहे.

प्रत्येक टोळीला पाच गाठींचा एक दोर मिळे. पहिली गाठ सरदाराची, शेवटची शेपटीची. हा नियम आतोबांनी सरळ कचेरीतून आणला होता. साखळीनं जमीन मोजताना पुढचा माणूस कितीही लांब गेला, तरी मागच्यानं आपल्या खुंटीवर कडी धरून “हाय!” म्हटल्याशिवाय माप लिहीत नाहीत. तसंच इथं. सातव्या दाराशी शेपटीनं “हाय!” अशी आरोळी दिली, की मगच टोळी पोचली.

मी अकरा वर्षांची झाले त्या साली आतोबांच्या आयुष्यात एक मोठी गोष्ट घडली. मुंबईत टीव्ही येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्यावर मुलांचे कार्यक्रम करणाऱ्या एका गृहस्थांनी आमच्या बाजूला जमीन घेतली आणि ती मोजायला आतोबा गेले. मोजता मोजता त्यांनी त्या गृहस्थांना त्यांच्याच जमिनीतला नागकन्येचा दरवाजा दाखवला. गृहस्थ खूश झाले. म्हणाले, “तुमचा खेळ बघायला येतो. पसंत पडला तर टीव्हीवर घेऊ.” त्या दिवसापासून आतोबा जमिनीवर चालत नव्हते. आपल्या राक्षसांची अखेर कुठंतरी रीतसर नोंद होणार, याचा त्यांना झालेला आनंद मला अजून आठवतो. गावात टीव्ही नव्हता, पण रसायनीला ओळखीच्या एकाकडे होता. तिथं सगळी मुलं न्यायची म्हणून त्यांनी खेळाच्या आधीच टेंपो ठरवून ठेवला. आत्याच्या लग्नातल्या शालूचा काठ सातव्या दाराला लागला. आत्या दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिनंच तो नीट टाचून दिला.

खेळाच्या सकाळी गावातल्या प्रत्येक पुरुषाला टीव्हीची दाढी करून हवी होती. त्यामुळे आमचे शांतारामदादा, गावचे न्हावी, पहाटेपासून दाढ्या करत होते. शेवटची दाढी उरकून ते धावतपळत पाचव्या दाराशी नागराज म्हणून उभे राहिले, आणि आंब्याखाली गार वारा लागताच आडवे झाले. आडवे झाले ते नेमके दाराच्या आरपार. दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या, मधे अरुंद वाट, आणि वाटेवर पुठ्ठ्याचा फणा डोक्याला बांधून घोरणारे नागराज.

तिथं सगळ्यांत आधी आमची टोळी पोचली. मी सरदार होते. शेपटीला शेजारची सात वर्षांची बबी. मी म्हटलं, “चला, उडी मारू.” कोणी हलेना. झोपल्या माणसाला ओलांडून जात नाहीत, हे त्या मुलांना शिकवावं लागलं नव्हतं. “उठवू या मग,” मी म्हटलं. बबी तोंडावर बोट ठेवून कुजबुजली, “नको गं ताई, दमलेत ते. बसूया थोडं.” आणि चौघं दोर मांडीवर घेऊन खरंच बसली. मागून दुसऱ्या टोळीची चाहूल लागली. मला टेकडीला माझं नाव द्यायचं होतं, टीव्हीत दिसायचं होतं. मी माझी गाठ सोडली, शांतारामदादांवरून उडी मारली आणि पळत सुटले. सहाव्या दाराचा राखणदार टीव्हीवाल्या गृहस्थांना बघायला आधीच टेकडीवर जाऊन बसला होता, त्यामुळे तिथं कोणी अडवलं नाही.

सातव्या दाराशी पोचले तेव्हा गृहस्थ टाळ्या वाजवत उभेच राहिले. “शाब्बास! हाच बघा आपल्या कार्यक्रमाचा शेवट! एकटी मुलगी धावत येते, दार उघडतं!”

आतोबांनी माझ्या मागं पाहिलं. “बबी कुटं हाय?”

“येतायत सगळे,” मी म्हटलं.

गृहस्थ हातभर अंतरावर होते, तरी आतोबांनी भोंगा तोंडाला लावला. “टोळीची सरदारीण दाराशी उभी हाय. टोळी अजून पोचली नाय.”

“अहो, ही काय समोर आहे!”

“उभी हाय साहेब. पोचली नाय.”

मग आम्ही वाट बघितली. तासभर बघितली असेल. आत्यानं गृहस्थांना कोकम सरबत दिलं, मग पोहे दिले, मग पुन्हा सरबत दिलं. आतोबा मुलांच्या संकटांचं वर्णन करत होते, पण त्यांनाही यंदा संकट कोणतं ते माहीत नव्हतं. शेवटी झाडीतून उरलेली एकोणीसच्या एकोणीस मुलं एकदमच बाहेर आली आणि त्यांच्यामागून डोळे चोळत, फणा सावरत, स्वतः नागराज. चारही टोळ्या त्यांच्याभोवती गोल करून, ते आपणहून जागे होईपर्यंत चिडीचूप बसल्या होत्या. जागे झाल्यावर त्यांनी सगळ्यांना एकच कोडं घातलं आणि लाजून सगळ्यांना एकदमच सोडलं. चार शेपट्यांनी एका सुरात आरोळी दिली, “हाय!” बबी मात्र थेट माझ्याकडे आली. “ताई, उलटी उडी मार आदी, नायतर दादांची वाढ खुंटंल!” शांतारामदादा तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. तरी ते निमूटपणे गवतावर आडवे झाले आणि गावासमोर मी त्यांना उलटं ओलांडलं.

गृहस्थ खूप हसले. माणूस वाईट नव्हता. पण मग आतोबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “सगळेच जिंकले तर बघणाऱ्यानं कशाला बघायचं? ही मुलगी एकटी आली तेच छान होतं. एक जिंकेल, बाकीचे बाद. एवढं बदला, पुढच्या महिन्यात मी माणसं घेऊन येतो.”

हे सगळ्यांनी ऐकलं. आतोबा शालूच्या काठाकडे बघत राहिले. त्यांना टीव्ही हवा होता, फार हवा होता. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“बाद झालेली पोरं कुटं जायाची, साहेब?”

“घरी.”

“मंग नको. अर्द्यावरनं घरी जायाला लय लांब वाटतं.”

गृहस्थ पुन्हा आले नाहीत. खेळ पुढं कितीतरी वर्षं चालला, आतोबांचे गुडघे चालेनात तोवर. टीव्हीवर तो कधी आला नाही. आता आतोबा नाहीत, आणि त्या टेकडीवर कोणाचा तरी बंगला आहे. माझ्या पळण्यामुळे त्यांचं सगळं गेलं, असं मला तेव्हा वाटलं आणि खरं सांगायचं तर अजूनही अधूनमधून वाटतं.

त्या संध्याकाळी ते टेंपोवाल्याला नको म्हणून सांगायला सायकलवरून गेले आणि दिवेलागणीला परत आले. मी ओटीवर बसून होते. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि कचेरीत विचारावं तसं विचारू लागले, “पाचव्या दारापासनं एकटीच आलीस ना गं? मंग काय काय दिसलं?”

मी एखादी परी सांगणार होते. सांगवेना. “काहीच नाही, आतोबा. नुसती वाट होती.”

त्यांनी मान हलवली. “तसंच असतं ते,” म्हणाले. मग चपला काढत, “तुज्याएवडा असताना मला पनवेलला ठिवलेलं, शिकायला. नातेवाइकाच्या घरी. कुनी बोलायचं नाय माज्याशी. ही सात दारं मी पयली तितं बांदली, त्यांच्या परसात. राक्षस मीच, राजा मीच, टोळी पन मीच. दोन वरसं खेळलो.” ते थोडं हसले. “रोज मीच पयला यायचो.”

मी सरकून त्यांना बसायला जागा दिली. आतून आत्यानं जेवायला हाक मारली, पण आम्ही दोघं नेढ्याकडे तोंड करून बसलो होतो.