डॉक्टरकाकूंची खुर्ची

डॉक्टरकाकू बसत नसत. तिलक नगरातल्या त्यांच्या दवाखान्यात खुर्ची होती, पण तिच्यावर पर्स, छत्री आणि कोथिंबिरीची पिशवी. बाई टेबलाभोवती फेऱ्या मारत पेशंटशी बोलायच्या. मी साताऱ्याहून नोकरीसाठी जयपुरात आलेलो, एचआयव्हीचा रिपोर्ट मुठीत चुरगाळून बसलेलो. आधीच जिवाची घालमेल, त्यात या फेऱ्या!

"कायले घाबरून राहिला बापा?" काकांच्या विम्यातल्या नोकरीपायी गावोगाव फिरूनही काकूंची अमरावतीची बोली सुटली नव्हती. त्यांनी पदराची कड धरली. "हा विषाणू पेशीत शिरतो अन् स्वतःचा धागा आपल्या कापडात शिवून टाकतो. मग पेशी त्याचीच चाकरी करते. ही गोळी त्याची सुईच धरून ठेवते. शिवू देत नाही."

"आणि आधीच शिवलंय ते?"

"ते उसवत नाही. म्हणून गोळी रोज. आलं ध्यानात?"

काही महिन्यांनी तपासलं, तर रक्तातला विषाणू पुरता दबलेला नव्हता. माझं धाबंच दणाणलं. गोळीच लागू पडत नसेल तर मी जगायचं कसं?

"गोळी चुकवली का?"

"आईशप्पथ, एकदाही नाही."

काकूंच्या फेऱ्या वाढल्या. रविवारी त्या थेट मुरलीपुऱ्यात माझ्या खोलीवर हजर! फ्रीज उघडला, कपाट उघडलं, उशीसुद्धा उचलली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रात्री जेवतो काय?"

"खालच्या ढाब्यावर दाल-बाटी. तुपामुळे जळजळतं फार. मग गोळीबरोबरच हे पितो." मी ॲसिडिटीच्या गुलाबी औषधाची बाटली दाखवली.

काकूंनी कपाळावर हात मारला. "अरे येड्या! यातलं मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम गोळीला पोटातच पकडून ठेवतं. ती रक्तात पोचणार कशी? सांगितलं काहून नाही?"

"हे कुठे औषध आहे, काकू? हे तर सगळेच पितात."

"मीच विचारायला पाहिजे होतं," त्या पुटपुटल्या. मग दटावलं, "आधी गोळी. हे गुलाबी पाणी त्यानंतर निदान दोन तासांनी. अन् रोज बाटी खाणं बंद!"

पुढचा रिपोर्ट घेऊन मी धावतच दवाखाना गाठला. विषाणू सापडत नव्हता. काकूंनी कागद दोनदा वाचला. खुर्चीवरची पर्स, छत्री, कोथिंबीर उचलून खाली ठेवली आणि त्या बसल्या.

"काकू, बरं नाही का वाटत?"

"माझ्या धाकट्या भावाला हेच झालं होतं रे. तेव्हा ही औषधं नव्हती. मी डॉक्टर असून त्याच्या उशाशी नुसती बसून होते."

मला रडू आवरेना. त्यांनी डोळे पुसले आणि त्या ताडकन उठल्या. "चल, ऊठ. बाहेर पेशंट खोळंबले."

पुढे काकांची बदली भोपाळला झाली. अजूनही काकूंचा फोन येतो. "घेतली का रे गोळी?" मी 'हो' म्हणेपर्यंत पलीकडे त्यांच्या चपला फटफट वाजत असतात.