नानांची खुर्ची

"आरोपीला पिंजरा आहे. साक्षीदाराला पिंजरा आहे. वकिलांना टेबल आहे, पट्टेवाल्याला स्टूल आहे, आणि साहेब, त्या मुद्देमालातल्या कुऱ्हाडीलासुद्धा कुलपाचं कपाट आहे! या बाईची जागा कुठे, ते कोर्टानं मला दाखवावं!"

ओरडत होते ते आमचे नाना. भर दुपारी, जळगावच्या सेशन कोर्टात, न्यायाधीशांच्या तोंडावर. आरोपीचा वकील ओरडला असता तर कोणी मान वर केली नसती, तो त्यांचा धंदाच. पण नाना सरकारी वकील. सरकारच्या बाजूचा माणूस सरकारनं नेमलेल्या न्यायाधीशावर आवाज चढवतो, हे खानदेशात त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. टायपिस्टची बोटं हवेत राहिली. वरच्या पंख्याचं पातं जागच्या जागी थांबलं, असं मी नेहमी सांगतो. कोणी हसलं तर म्हणतो, बाबा, त्याच वेळी वीजही गेली असेल, पण थांबलं हे खरं.

झालं होतं एवढंच. नशिराबादच्या एका म्हातारीचा कर्ता मुलगा कुऱ्हाडीनं मारला गेला होता. म्हातारीनं काही पाहिलेलं नव्हतं, म्हणून ती साक्षीदार नव्हती. कोणीच नव्हती. मागच्या बाकावर पदर तोंडात धरून बसली होती. डॉक्टर जखमांचं वर्णन करायला लागले तसा तिच्या तोंडून एक हुंदका निघाला, आणि पट्टेवाल्यानं रोजच्या सवयीनं तिला दंडाला धरून व्हरांड्यात नेऊन सोडलं. नानांनी डॉक्टरांना विचारायचा प्रश्न अर्धाच टाकला आणि न्यायाधीशांकडे वळले.

नाना असे का वळले, हे कळायला नाना आधी कसे होते ते सांगितलं पाहिजे.

मी सनद घेऊन त्यांच्या हाताखाली लागलो ते एकोणीसशे साठच्या पुढची वर्षं. नाना मूळचे धुळ्याचे, पण त्यांचा सगळा पराक्रम जळगावच्या कोर्टात. आवाज असा की ते उलटतपासणीला उठले की मालधक्क्यावरचे हमाल पाठीवरचं पोतं खाली ठेवून बघत, कुठे काही कोसळलं का. नवीन न्यायाधीश बदलून आला की शिरस्तेदार त्याला पहिल्या दिवशी कापसाचे दोन बोळे नेऊन देई म्हणत. बोळे मी पाहिलेले नाहीत; त्या न्यायाधीशांचे चेहरे मात्र पाहिले आहेत. मधल्या सुटीत नाना केळी खात. घडच्या घड संपवत, अशी त्यांची बदनामी आहे, ती खोटी. दांडा ठेवत असत.

आणि ते हरत नसत. जिंकले की समोरच्या हलवायाकडून शेव-जिलबी मागवत आणि कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून सगळ्यांना वाटत. आरोपीच्या वकिलालाही. एकदा म्हणे आरोपीलाही दिली होती, आणि त्यानं "नाना, पाक जरा कमी पडना" अशी तक्रार केली होती.

मला शिकवताना ते म्हणत, "हे बघ, खटल्यात दोनच माणसं. एक सरकार, एक आरोपी. बाकी सगळे पाहुणे." आणि मेलेला? असं मी एकदा विचारलं. "मेलेला म्हणजे पुरावा," नाना म्हणाले आणि केळं सोललं. मला ते वाक्य इतकं आवडलं की आठवडाभर मी ते आरशासमोर म्हणून बघत होतो.

मग गोजरअक्का आली.

एरंडोलच्या अलीकडच्या एका गावची. तिच्या नवऱ्याला, उखाभाऊला, शेजारच्या वावरवाल्यानं बांधाच्या भांडणात काठीनं मारलं होतं. माणूस तिथेच गेला. खटला उभा राहिला, अक्काचं नाव साक्षीदारांत होतं. आणि साक्षीदाराला स्वतःची साक्ष होईपर्यंत कोर्टात बसता येत नाही. दुसऱ्यांचं ऐकून बनवून सांगेल म्हणून. त्यामुळे प्रत्येक तारखेला ती एस.टी.नं यायची आणि व्हरांड्यात कडूनिंबाच्या बाजूला फरशीवर बसायची. आत तिच्या नवऱ्याचं मरण चाललेलं, आणि ती बाहेर. दाराच्या फटीतून बघू लागली की पट्टेवाला दार लोटून घ्यायचा.

पहिल्याच तारखेला पट्टेवाल्यानं पुकारा केला, सरकार विरुद्ध अमुक अमुक. अक्का उठली आणि थेट नानांसमोर जाऊन उभी राहिली.

"धनी मन्हा मरी ग्या," ती म्हणाली. "सरकारनं काय गयं?" म्हणजे, सरकारचं काय गेलं?

नाना हसले. खूप हसले. तिला समजावलं की अक्का, गुन्हा झाला की तो सगळ्या समाजाविरुद्ध झाला असं धरतात, म्हणून तुमच्या वतीनं सरकार भांडतं, तुम्ही निश्चिंत बसा. ती म्हणाली, बसेन, पण मला बोलायचं आहे. माले कव्हय बलावशात? नाना म्हणाले, तुमचा नंबर आला की. संध्याकाळी बाररूममध्ये त्यांनी "सरकारनं काय गयं" तिच्या आवाजात करून दाखवलं आणि वकील मंडळी टेबलं बडवून हसली. पुढे कित्येक दिवस कोणाचा पेन हरवला तरी तेच वाक्य.

खटला मात्र गडगडायला लागला. भांडण पाहणारा एकच माणूस होता, तो ऐनवेळी फिरला. म्हणाला मी पाठमोरा होतो. आता काठी कोणी मारली हेच सिद्ध होईना. आणि तेव्हा आरोपीच्या वकिलानं त्याच साक्षीदाराला एक प्रश्न टाकला. उखा दारू पिऊन, विळा घेऊन आरोपीच्या अंगावर धावला, म्हणून आरोपीनं स्वतःला वाचवायला काठी उगारली, हे खरं ना? साक्षीदार म्हणाला, तसं असेल.

मी नानांकडे पाहिलं. त्यांचे डोळे असे चमकले की बस. खाली वाकून माझ्या कानात म्हणाले, "अडकला. काठी आपणच मारली असं आरोपी आपल्याच वकिलाच्या तोंडून बोलला की रे." वकिली डोकं काय चीज आहे, ते मी त्या दिवशी पाहिलं. नानांनी दारूची गोष्ट खोडलीच नाही. शवविच्छेदन करणारे डॉक्टर आले, त्यांना पोटात दारू होती का, हे नानांनी विचारलं नाही. आरोपीच्या वकिलानं तर मुळीच विचारलं नाही. त्याला उत्तर माहीत असावं. नानांनी सगळा जोर एकाच गोष्टीवर लावला: समजा दारू प्यायला होता, समजा विळा होता, पण एवढी काठी चालवायची गरज होती का? उरलेले साक्षीदार त्यांनी एका ओळीच्या पुरसिसीनं, म्हणजे कोर्टाला दिलेल्या चिठ्ठीनं, सोडून दिले, सरकारला आणखी पुरावा द्यायचा नाही म्हणून. त्यात गोजरअक्का होती. तिचा नंबर आलाच नाही.

आणि नाना जिंकले. खून धरला गेला नाही, पण सदोष मनुष्यवध शाबीत झाला आणि आरोपीला सक्तमजुरी लागली. हातातून गेलेला खटला नानांनी नुसत्या अकलेवर ओढून आणला. बाररूम उठून उभी राहिली. जिलबी आली. नानांनी जिलबीचं पहिलं पान स्वतः उचललं आणि व्हरांड्यात अक्काला नेऊन दिलं. न्याय झाला अक्का, घ्या, तोंड गोड करा.

अक्कानं पान हातात घेतलं. निकाल इंग्रजीत होता, तिनं विचारलं, साहेब माझ्या धन्याबद्दल काय बोलले? आणि नाना, विजयाच्या भरात, इतक्या वर्षांच्या सवयीनं, मोठ्या आवाजात मराठी करून सांगत सुटले: मयत हा दारूच्या अमलाखाली असून त्यानंच प्रथम आगळीक केली, तथापि...

त्या "तथापि"च्या पुढचं कोणी ऐकलं नाही. अक्कानं पान फरशीवर ठेवलं. नीट, न सांडता.

"तो माळकरी व्हता," ती म्हणाली. "बठ्ठा गावले माहीत शे. माले का बरं इचारं नही?"

ओरडली नाही, रडली नाही. जिलबी खाणाऱ्यांची तोंडं मात्र जागच्या जागी थांबली, माझंही. ती निंबाखालची पिशवी उचलून स्टँडकडे निघून गेली.

घरी जाताना टांग्यात मी म्हटलं, नाना, तिनं हे पोलिसांना आधी सांगायला हवं होतं. तेव्हा नाना बाहेर बघत म्हणाले, "सांगितलं होतं. जबाबात आहे. मी वाचलं होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"म्हणून तर तिची साक्ष सोडली," नाना म्हणाले. "ती आत येऊन पीत नव्हता म्हणाली असती, तर आरोपीची गोष्ट मोडली असती. आणि त्याच गोष्टीत मी त्याला धरला होता."

टांग्याचं घोडं एकाएकी बिथरलं, असं मी इतर वेळी सांगितलं असतं. काही बिथरलं नाही. घोडं आपलं चालत राहिलं, आणि मी नानांच्या शेजारी अंग चोरून बसलो होतो.

पुढे कळलं ते आणखी वाईट. आरोपीच्या भावानं निकालाची नक्कल काढली, तालुक्याच्या कोणा मास्तराकडून तिचं मराठी करून घेतलं आणि गावच्या पारावर मोठ्यानं वाचून दाखवलं. त्याला नक्कल मिळाली, कारण तो आरोपीच्या बाजूचा. अक्काला मिळाली नसती, कारण ती कोणाच्याच बाजूची नव्हती. ज्या भजनी मंडळात उखाभाऊ टाळ धरायचा, तिथे त्याचं नाव निघालं की माणसं आता खाली बघू लागली. सरकारी कागदच म्हणतो म्हटल्यावर गाव तरी काय करणार?

नानांनी हातपाय मारले. तेवढी ओळ निकालातून काढावी म्हणून खटपट केली. तर जो तो त्यांनाच उलट विचारू लागला. तुम्हीच ती गोष्ट खोडली नाही, आता हरकत कसली? सरकार जिंकलं, मग अपील कशावर? मग बाईच्या नावानं अर्ज देतो, नाना म्हणाले. तेव्हा त्यांना त्यांचंच शास्त्र ऐकवलं गेलं: खटला सरकार आणि आरोपी यांच्यातला, ही बाई यात कोण? त्या दिवशी नाना ऑफिसात आले आणि टेबलावरचा घड तसाच ठेवून बसून राहिले. केळी काळी पडली, चिलटं आली, शेवटी मीच उचलून नेली. जिंकल्यावर जिलबी मागवणं त्यांनी त्यानंतर बंद केलं. हलवाई बिचारा मला विचारायचा, नाना हल्ली हरतात का?

म्हणून नशिराबादच्या म्हातारीच्या वेळी ते तसे वळले.

आरोपीचा वकील उठला, म्हणाला, बाईंना आत जागा देण्याची तरतूद कायद्यात कुठे आहे? नाना म्हणाले, "कायद्यात नसेल. माझ्याजवळ आहे." आणि स्वतःची खुर्ची उचलली. साधी नव्हे, सागवानी, हाताची, एकट्या माणसाला ढकलणं कठीण. ती त्यांनी टेबलाशेजारी, न्यायाधीशांच्या नजरेसमोर ठेवली, व्हरांड्यात जाऊन म्हातारीला हाताला धरून आणली आणि बसवली. न्यायाधीश म्हणाले, बाईंनी बसायला हरकत नाही. बोलू नये.

नाना त्या दिवशी कोर्ट उठेपर्यंत उभ्यानं काम करत राहिले. गुडघे त्यांचे आधीच कुरकुरत. आणि पुढे जितकी वर्षं ते सरकारी वकील होते तितकी वर्षं ज्याचं माणूस गेलं त्याला ते आत आणून आपल्या खुर्चीत बसवत, आणि आपण उभे राहत. कोर्टात त्याला "नानांची खुर्ची" म्हणू लागले. काहीजण चेष्टेनं म्हणत, पण म्हणत.

निवृत्त होऊन ते धुळ्याला परत निघाले तेव्हा सामानाच्या ट्रकमध्ये मी सोबत होतो. एरंडोलच्या अलीकडे त्यांनी ड्रायव्हरला ट्रक आत गावाकडे वळवायला सांगितला.

अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. बरीच वाळली होती. तिनं नानांना ओळखलं. पाणी दिलं, गूळ दिला, बसायला गोधडी टाकली. नाना बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं: म्हातारी, पट्टेवाला, खुर्ची, न्यायाधीशांचा चेहरा, त्यानंतरच्या सगळ्या बायाबापड्या ज्या त्या खुर्चीत बसल्या. सांगता सांगता त्यांचा जुना आवाज परत आला. गोठ्यातल्या गाईनं मान वर केली. तुमच्यामुळे झालं अक्का, ते म्हणाले.

अक्का शेंगा फोडता फोडता ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं हात झटकले.

"मंग तिले बोलू दिधं का?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे.

"नाही," ते म्हणाले. "बसू दिलं."