रेडिओच्या पाठातली मोकळी जागा

बाई गेल्या त्याला सव्वा महिना झाला. वरोऱ्याला त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो. तिथे जमलेल्यांना एक गोष्ट सांगायचं मनात होतं, पण तोंड उघडलं नाही. मला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं, म्हणून लिहितो.

चामोर्शीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या शाळेत आम्ही दोघंच शिक्षक होतो. मी मुख्याध्यापक, त्या सहशिक्षिका. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत शाळेला एक ट्रान्झिस्टर मिळाला. सकाळी त्यावर पाठ लागायचा. रेडिओवरच्या ताई प्रश्न विचारायच्या, उत्तरासाठी जरा थांबायच्या आणि "शाबास!" म्हणून पुढे जायच्या. त्या थांब्यात आमची मुलं जीव तोडून ओरडायची.

मार्च लागला आणि टोल्यावरची, म्हणजे जंगलातल्या लहान वस्तीवरची, सात-आठ गोंड मुलं पाठाला दिसेनाशी झाली. मोहफुलं पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. मुलं शाळेत पोचेपर्यंत पाठ संपलेला असे. त्यांत तिसरीतली एक मुलगी होती. वर्षभरात ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. तिचा बाप येऊन सांगून गेला होता, "पोरगी तं तोंडच उघडत नाई शाळेत. मोह सरला का बकऱ्यांमागं धाडतो तिले."

"रेडिओ वेळेवर येणाऱ्यांसाठी आहे," मी बाईंना म्हणालो.

"रेडिओ कोनासाठी थांबत नाई, गुरुजी. आपनच त्याले धरून ठेवू."

त्यांनी घरून भावाचा टेपरेकॉर्डर आणला. रेडिओसमोर ठेवून पाठ भरून घेतला आणि उशिरा आलेल्या मुलांना ऐकवला. मुलं शेवटपर्यंत शांत बसली. मला वाटलं, झालं काम. बाईंचा चेहरा मात्र उतरला होता.

"ऐकलं का तुमी? ताईनं विचारलं का सकाळचेच पोट्टे ओरडतेत, अन् शाबासकी बी तेच घेऊन जातेत. यायनं बोलावं कवा?"

मला ते ऐकूच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाठ टेपवर भरून घेण्याआधी त्यांनी सकाळच्या मुलांना सांगितलं, उत्तर पाटीवर लिहायचं, आवाज काढायचा नाही.

"आमी काऊन मुकं बसाचं, बाई?" पहिल्या रांगेतून आलं.

मलाही ते पटत होतं. वेळेवर येणाऱ्यांनी गप्प का बसावं, असं मी मुलांदेखत बोललो.

"पाठ संपेपर्यंतच, गुरुजी. टोल्यावरचे तं सालभर गप्प हायेत."

"गुरुजीलेबी पाटी द्या! तेच बोलून राह्यले!" मागून कोणीतरी ओरडलं. वर्ग खो खो हसला. बाईंनी खरोखरच एक पाटी माझ्या हातात दिली आणि मी ती घेतली.

पाठ पाण्यावर होता. प्रश्न आला की लेखणीची करकर तेवढी व्हायची.

शाळा सुटल्यावर बाईंनी मोह वेचून आलेल्या मुलांना टेपजवळ बसवलं. मी दारात उभा होतो. ताईंनी विचारलं, "तुमच्या घरी पाणी कुठून येतं?" आणि मग काहीच आवाज नाही. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात ती मुलगी हळूच म्हणाली, "नाल्यातून."

"शाबास!" टेपमधून आलं. मुलगी दचकली, मग तिला हसू आलं. ताई पुढे सांगत होत्या, "विहिरीतून, नाहीतर नळातून."

"नाई," मुलगी यंत्राकडे पाहत मोठ्यानं म्हणाली, "नाल्यातून!"

बाईंनी टेप बंद केला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसल्या. "ताईले मालूम नाई वो. तू सांग. उन्हाळ्यात तं नाला आटते, मंग?"

मुलगी फरशीवर हाताने उकरून दाखवू लागली. रेती कुठे खणायची, खड्ड्यात पाणी निवळेपर्यंत कसं थांबायचं, वाटीनं कसं भरायचं. मध्येच तिचे शब्द गोंडीत जात. मग शेजारची मुलं मराठीत सांगत. बाई विचारत राहिल्या आणि ती सांगत राहिली. पाठ अर्धाच राहिला.

बाहेर तिचा बाप तिला न्यायला आला होता. आतला आवाज कोणाचा, हे त्याला ओळखू आलं. तो पायरीवर बसला आणि मला म्हणाला, "बोलू द्या, गुरुजी. मले घाई नाई."