बसरा आत, अकाबा बाहेर

ऐंशी साली मी पावणे गावातल्या एका छोट्या कारखान्यात माल रवाना करायचं काम बघायचो. पाण्याच्या पंपांचे सुटे भाग लाकडी खोक्यांत भरून आम्ही इराकला पाठवायचो. वय सव्वीस, टेबलामागे जगाचा नकाशा; अख्ख्या अरबी समुद्राचा कारभार आपल्याच हातात असल्याचा माझा रुबाब.

खोक्यांवर बंदराचं नाव रंगवायला जवळच्या सारसोळे गावचे एक मामा होते. आधी ते होड्या रंगवायचे. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण अक्षरं चित्रासारखी बघून अशी काढायचे की छापखान्याने लाजावं. त्यांचा मुलगा बसऱ्यातच फिटर होता, म्हणून 'बसरा' जरा जास्तच झोकात उतरायचं.

मग इराण-इराकची लढाई पेटली आणि बसरा बंदर बंद पडलं. जहाज कंपनीच्या एजंटाला फोन फिरवून फिरवून माझं बोट दुखायला लागलं. शेवटी माल जॉर्डनच्या अकाबा बंदरात उतरवायचा आणि पुढे ट्रकने न्यायचा, असं ठरलं. मामांना सांगितलं, बसरा पुसा, त्यावर अकाबा काढा.

चार दिवसांनी खोकी गोदीतून परत! पातळ रंगाखालून बसरा स्वच्छ वाचता येत होतं. एका खोक्यावर दोन बंदरं कोण चालवून घेणार? मी सगळ्यांसमोर मामांवर तोंड सोडलं. ते म्हणाले, "सायेब, पोर तिथं हाय. दोन महिनं कागद न्हाय. त्याचा गाव माज्या हातानं कसा पुसू?"

मला माझीच लाज वाटली. फळ्या उचकटून उलट्या ठोकायला लावल्या. बसरा आत गेलं आणि बाहेरच्या कोऱ्या लाकडावर मामांनी अकाबा काढलं. एका नाही, चाळीस खोक्यांवर.

पुढे पंधरा दिवसांनी कारखान्याच्या पत्त्यावर मामांच्या नावाने तार आली. तेव्हा तार म्हटली की बहुधा वाईट बातमीच असायची. मी हात पुढे केला, पण मामांनी ती स्वतःच उघडली, नुसतीच बघत राहिले आणि वरच्या कोपऱ्यातल्या एका शब्दावर बोट ठेवलं.

"ह्यो अकाबा हाय," ते म्हणाले. "पोर आपल्या खोक्यांच्या वाटंनं निंगाला."

तार खरंच तिथूनच केलेली होती. मी पुढचं वाचून दाखवलं: सुखरूप आहे, येतोय. मामा डोळे पुसत रंगाच्या डब्याकडे गेले. त्या दुपारी नव्या खेपेच्या प्रत्येक अकाबावर त्यांनी रंगाचे दोन हात दिले. एक पुरला असता, पण मी रंगाचा दुसरा डबा उघडून दिला.