देवजीच्या हातचा दोर

सन एकोणीसशे तेरा. मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा असेन. जव्हारला राजाचं राज्य होतं, आणि सूर्यमाळच्या आमच्या पाड्यात कड्यावरच्या मधाला उतरणारी माणसं होती. हे मी बायकोला सांगितलं नाही, पोरांना नाही, देवापुढंही तोंडातून काढलं नाही. शाळा मी दोनच वर्षं पाहिली, म्हणून अक्षर वाकडं येईल. येऊ दे. तुम्ही वाचा.

आधी आमची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कड्यावरून जो खाली उतरतो, त्याचा दोर वर धरायचा तो त्याच्या बायकोच्या भावानं. दुसऱ्या कुणी नाही. सख्खा भाऊ वाटणीसाठी दोर सोडेल, पण मेव्हणा आपल्या बहिणीचं कुंकू पुसणार नाही – असं जुन्या लोकांनी ठरवलेलं. माझी बहीण जनी. तिचा नवरा भिवा. भिवाचा दोर मी धरायचो.

आणि दोर वळायचा भिवाचा बाप, देवजी. केवणीच्या झुडपाची साल भिजवून, सोलून, मांडीवर पिळून. लांबच्या वांगणी गावापासून माणसं त्याच्याकडं यायची. देवजीचा दोर म्हटलं की उतरणारा खाली बघायचा नाही. म्हाताऱ्याजवळ दुसरं काय होतं? जमीन खडकाळ, बैल एक. दोर मात्र असा, की जव्हारच्या बाजारातही लोक हात लावून बघायचे.

त्या साली एका गोऱ्या साहेबाचा माणूस बाजारात विचारत आला, कड्यावर उतरणारे कोण? साहेबाला पाखरांचं वेड. किनाऱ्यापासून दूर समुद्रात एक खडक होता. होळीनंतर तिथं पांढरी, काळ्या टोपीची पाखरं अंडी घालायला यायची. किनाऱ्याचे लोक त्यांना सुरय म्हणतात. किती आली, किती अंडी, किती पिल्लं उडाली, हे साहेबाला दर हंगामाला हवं होतं. कोळी होडी चालवतील, पण कपारीत उतरणार नाहीत. म्हणून आम्ही डोंगरातले दोघं गेलो. भिवा खाली उतरायचा, घरट्याशी चुन्याचा ठिपका द्यायचा आणि ओरडायचा. मी वर एक शिंपला टोपलीत टाकायचो. संध्याकाळी साहेब शिंपले मोजायचा. काम एवढंच.

पण ती पाखरं! अंड्याजवळ माणूस आला की वरून दगडासारखी पडायची, चोचीनं टाळू फोडायची. खाली भिवा कपारीत अंग घालून असायचा, त्याचं काय जात नव्हतं. मी वर उघड्यावर, दोन्ही हात दोरात अडकलेले. तेव्हा मी घरून आणलेलं इरलं डोक्यावर घ्यायला लागलो – पावसात लावणीला घेतो तेच, पानांचं. पाखरं त्याच्यावर आपटायची आणि निघून जायची. अक्कल माझीच. मला बरं वाटत होतं.

होडीवाला कोळी हसला. म्हणाला, "डोंगरात वैशाखात पाऊस पडतो का रे?" आणि भिवा – भिवाही हसला. "मेव्हण्या, बाय वाटतोस अगदी. जनीचं लुगडं पण आणायचं होतं!" त्याच्या मनात काही नव्हतं. तो सगळ्यांनाच असा बोलायचा. पण मला ते लागलं. मला पटकन लागतं, अजून लागतं.

दुसऱ्या दिवशी मी इरलं होडीतच ठेवलं.

आता सांगतो. किती वेळ दोरासारखं वळत बसलोय, बघा.

साहेब त्या दिवशी किनाऱ्यावर तापानं पडला होता. होडीवाला खडकाच्या मागं सावलीला. भिवा खाली उतरला. मी दोर पाठीवरून घेऊन पाय रोवून बसलो. वरच्यानं आपल्या कमरेला बांधायचा नाही ही पण रीतच, नाहीतर दोघंही जातात. पहिलं पाखरू डोक्यावर आपटलं, मी सोसलं. दुसरं आपटलं, रक्त कपाळावरून आलं, सोसलं. तिसरं तोंडावरच आलं. चोच डोळ्याखाली बसली. आणि मी दोन्ही हात डोळ्यांवर घेतले.

दोन्ही हात. एक नाही. एका हातानं कदाचित राहिला असता.

दोर माझ्या पाठीवरून सापासारखा सरकत गेला, पाठ सोलत गेला. भिवा ओरडला नाही. ओरडली ती पाखरं.

मी दुसऱ्या बाजूनं उतरून गेलो. भिवा ओल्या दगडांत वाकडा पडलेला, श्वास चालू, शुद्ध नाही. आणि त्याच्या अंगावर सगळा दोर पडलेला – आख्खा, एक तंतूही न तुटलेला. तो दोर बघून मला घाम फुटला. भिवाला बघून नाही. दोराला बघून. आख्खा दोर म्हणजे वरच्यानं हात सोडला, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल.

मी कमरेच्या आकडीतून कोयता काढला. भिवाच्या कमरेपासून हातभर सोडून दोर तोडला. मग ती दोन्ही टोकं दगडावर ठेवून दगडानं ठेचली, तंतू पिंजून काढले. भिवाचं डोकं पाण्याकडं कललं होतं. ते मी सरळ केलं नाही आधी. आधी टोकं ठेचली. मग उरलेला दोर खांद्यावर घेतला आणि होडीवाल्याला हाक मारली.

होडीत भिवाला शुद्ध आली. खुब्याचं हाड मोडलं होतं, चेहरा राखेसारखा. माझ्या खांद्यावरचा दोर बघितला आणि म्हणाला, "तुटला काय रं?"

मी म्हणालो, "तुटला."

तो माझा हात धरून म्हणाला, "बाबाला सांगू नको. सांग, मीच मस्तीनं कमरेचा दोर सोडला नि पाय घसरला. मला शिव्या देईल, देऊ दे. पण दोर तुटला म्हणून सांगू नको, मरंल तो."

बघा. त्यानं मला वाट करून दिली होती. दोष स्वतःच्या डोक्यावर घेत होता. मी नुसतं हो म्हणायचं, दोर समुद्रात टाकायचा, आणि म्हातारा वाचला असता. मग का नाही टाकला? कारण भिवानं काहीही सांगितलं असतं तरी पाड्यातलं एक तरी माणूस म्हणालं असतं – भिवासारखा गडी दोर सोडंल काय? मेव्हणा काय करत होता वर? तो एक प्रश्न मला नको होता. त्याच्यासाठी मी दोर शिदोरीसारखा जपून घरी आणला.

गाडीतून, मग डोलीतून भिवाला वर आणला. पाडा सगळा अंगणात. जनी त्याच्या पायाशी बसलेली. कुणी काही विचारायच्या आत मी ती ठेचलेली टोकं देवजीपुढं टाकली.

म्हाताऱ्याला डोळ्यांनी कमी दिसायचं. टोक बोटांत धरून तो चाचपत राहिला. मी त्याच्या बोटांकडं बघत राहिलो. ओळखेल? आता ओळखेल? त्यानं टोक खाली ठेवलं.

"ह्या खेपेला साल लवकर काढली मी," तो म्हणाला. "भिजली नव्हती पुरती. भिवा निघायची घाई करत होता ना..."

भिवा डोलीतून माझ्याकडं बघत होता.

दुपारपासून माणसं यायला लागली. पाड्यातली, खालच्या पाड्यातली, दुसऱ्या दिवशी वांगणीकडची. जो तो देवजीच्या हातचा दोर घेऊन यायचा, अंगणात ठेवायचा आणि वळायचा. एक जण रडवेला होऊन म्हणाला, "देवजी, माझी पोरं लहान हायेत." म्हातारा म्हणाला, "ठेव बाबा. ठेव तिथं." अंगणात दोरांचा ढीग झाला. त्याच्या सगळ्या उमरीचं काम ते.

त्या संध्याकाळी वांगणीचा एक जण जाता जाता मला हसून म्हणाला, "काय रं, तुझ्या घरचा दोर अजून आढ्यालाच? तुझा भरोसा हाय वाटतं म्हाताऱ्यावर!"

तो असाच बोलला. पण मला झोप नाही.

सकाळी उठल्या उठल्या मी आढ्याचा दोर काढला. चांगला दोर. त्याच्यावर मी स्वतः किती वेळा कड्याखाली लोंबलो होतो. देवजी ढिगाशेजारी एकटाच बसला होता. पावलं ऐकून त्यानं हात पुढं केला, मी दोर हातात दिला. त्यानं तो मांडीवर घेतला, बोटांनी पीळ उलगडून बघितला, बराच वेळ बघितला, आणि विचारल्यासारखं म्हणाला, "हा पण कच्चाच, नाय?"

मी म्हणालो, "होय बाबा. कच्चाच."