कुमुदची पंगत

कुमुद गेल्याची बातमी मला मोबाइलवर कळली, तीही मराठी मंडळाच्या ग्रुपवर. बाल्कनीतल्या उन्हात मटार सोलत बसले होते. ‘आपल्या सर्वांच्या लाडक्या कुमुदताई’ अशी सुरुवात, आणि खाली हात जोडणाऱ्यांची ही रांग. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं ते नंतर. आधी मनात आलं, माझ्याआधी एवढ्या जणांना कळलं? ज्या बायका तिला वर्षातून एकदा हळदीकुंकवाला भेटायच्या, त्यांचे हात जोडून झालेसुद्धा! शेंगा बाजूला सारून मी तिच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, झोपेतच गेली. काही त्रास झाला नाही.” झोपेत... माझे गुडघे, कंबर आणि उजवा डोळा रोज थोडं थोडं जायची तालीम करतात, आणि ही बाई झोपेत. तिथंही पहिला नंबर.

आता महिना होत आला. मला कुमुदचा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, वाटतो. माणूस गेलं की हेवा जातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो कधी मन लावून केलेला नाही.

आमची गाठ पडली ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, राजधानीत, नेहरू प्लेसमधल्या एका ऑफिसात. यंत्रांचे सुटे भाग परदेशी पाठवणारी खासगी कंपनी होती. आमचे हे केंद्र सरकारात, आणि मी या कंपनीत टायपिस्ट. तेव्हाची मी म्हणजे बघण्यासारखं प्रकरण होतं. खांद्यापर्यंत कापलेले केस, कपाळभर टिकली आणि जिन्यातूनच वर्दी देणाऱ्या सँडल. ऑफिसात कॉम्प्युटर एकच, आणि तो माझ्या टेबलावर. लोक टीव्हीला विणतात तसं मी त्याला क्रोशाचं झाकण विणलं होतं! पत्र कुणाचंही असो, यायचं माझ्याकडेच. सेल्सचे गुप्ताजी थंडीत तिळाचं गजक आणायचे, उन्हाळ्यात लिची. “विमलजी, बस एक चिठ्ठी. आप तो मशीन से भी तेज हैं.” मी “अरे छोडिए” म्हणायचे आणि बोटं आणखी जोरात आपटायचे. पत्राबरोबर माणूस आपली सासू, आपला घरमालक, आपलं रखडलेलं प्रमोशन, सगळं माझ्या टेबलावर ठेवून जायचा. मला काम आवडत होतं असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे मला लोक आलेले आवडायचे. माझ्याकडे आलेले. पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

मग कंपनीने नोएडात जागा घेतली. नोएडात तेव्हा सेक्टरला नंबर होता, पण सेक्टरपर्यंत धड रस्ता नव्हता. आमचे मल्होत्रा साहेब मात्र अमेरिकेला चालल्यासारखे खूश. तिथे प्रत्येक टेबलावर कॉम्प्युटर येणार, सगळे एका तारेने जोडणार, आणि मधोमध एक मोठा कॉम्प्युटर, सर्व्हर, तो सगळ्यांना पोसणार. ते शिकायला एकाला पाठवायचं होतं. कोण जाणार याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. लाजपतनगरहून नवा सूट शिवून आणला. साहेबांनी बोलावलं आणि अगदी प्रेमाने म्हणाले, “विमलजी, आप को कैसे भेजूं? आप ही तो रोज कहती हैं, आप के बिना यहां एक दिन नहीं चलता.” म्हणायचे ना मी! ऊठसूट म्हणायचे. माझ्याच तोंडाने मी अशी अपरिहार्य होऊन बसले आणि शिकायला गेली स्टोअरमधली कुमुद.

कुमुद मूळची अकोल्याची, नवरा बँकेत, घर गाझियाबादला. जाड भिंगांचा चष्मा, घट्ट वेणी. डबा स्टोअरमध्येच एकटी बसून खायची. मला पहिल्या दिवसापासून ‘ताई’. आमच्यात अंतर जेमतेम वर्षाचं, पण तिने ताई म्हटलं की मला आरशात एक पांढरा केस दिसायचा.

ती शिकून आली. तारा ओढणारा इंजिनियर आला, चहा प्यायला, “मैडम, बाकी किताब में सब लिखा है” म्हणून गेला तो गेला. मग कुमुद आणि ते उशीएवढं जाड इंग्रजी पुस्तक. हट्टी पोराला घास भरवावा तशा ती त्या सर्व्हरला एकामागून एक फ्लॉपी भरवायची. मध्येच काहीतरी अडलं की पुन्हा पहिल्या घासापासून. ते जमलं, तर तारेचं दुखणं. तारेच्या टोकाला एक टोपण असायचं, ते जरा सैल झालं की अख्ख्या ऑफिसचे कॉम्प्युटर मुके. कुमुद गुडघ्यांवर रांगत टेबलाखालून तार तपासत निघायची. मी वरून “सापडलं का गं?” विचारायचे, आणि सापडू नये म्हणून मनात गणपतीला साकडं घालायचे. एकदा ते टोपण माझ्याच टेबलाखाली निघालं. पाय हलवत बसायची माझी सवय, आणि सँडलची टाच बरोबर त्यावर. कुमुद खालून चष्मा सावरत म्हणाली, “ताई, पाय जरा या बाजूला ठेवाल?” बस, एवढंच. भांडली असती तर किती बरं झालं असतं!

शेवटी चाललं. मी म्हटलं, “माझ्या मशीनवर माझा टायपिंगचा प्रोग्राम वेगळा ठेव. मला सगळ्यांचं उष्टं नको.”

“ताई, आता चूल एकच. प्रोग्राम सर्व्हरवर एकदाच घालायचा. तुमचं ताट वेगळं, तुमची पत्रं त्यात. दुसरं कुणी हात लावणार नाही.”

“आणि चुलीपाशी कोण?”

“चुलीपाशी मी.”

मी सासरी नांदलेली बाई. चुलीपाशी असणाऱ्या बाईच्या हातात घर असतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

आणि ती चूल ठेवली होती कुठे? एसीत! अख्ख्या ऑफिसात एसी दोनच, एक साहेबांना आणि एक सर्व्हरला. त्या खोलीला काचेचं दार होतं, दाराबाहेर चपला काढायच्या, आत चहा नाही, डबा नाही. देवघर आणि त्यात कुमुद पुजारीण. बाहेर लू वाहतेय, मी कूलरच्या दमट वाऱ्यात कागदांवर वजनं ठेवतेय, आणि ही भर मे महिन्यात स्वेटर घालून बसलेली. मे महिन्यात स्वेटर... त्या आकाशी स्वेटरचा जितका हेवा मी केला, तितका कुणी कुणाच्या बनारसीचा केला नसेल.

त्यात आणखी एक गोष्ट निघाली. कंपनीने घेतलेल्या परवान्यात एका वेळी पाच जणांनाच त्या प्रोग्राममध्ये शिरता यायचं. पाचांची पंगत! सहावा आला की पडद्यावर यायचं, जागा नाही. मग तो सहावा उठून काचेचं दार वाजवणार. कुमुद तिच्या पडद्यावर बघणार आत कोण कोण बसलंय, आणि बाहेर येऊन एकाला विनवणार, “दो मिनट बाहर आ जाइए ना.” म्हणजे सगळे आता तिच्याकडे जायचे. गुप्ताजींचं गजकसुद्धा! माझ्या टेबलाशी कुणी थांबलंच, तर ते “कुमुदजी अंदर हैं क्या?” विचारायला.

मग मी काय करावं? सकाळी आल्या आल्या पाटावर बसायचे ती संध्याकाळपर्यंत उठायचे नाही. काम असो नसो. कोरं पान उघडून त्याच्याकडे विचारमग्न चेहऱ्याने बघत राहायचे. कुमुद अनवाणी यायची. “ताई, झालं असेल तर...” “अगं, पत्र अर्ध्यावर आहे.” कोऱ्या पानाकडे ती बघायची, मी बघायचे. “असू दे, थांबते मी,” म्हणून ती माझ्या टेबलाच्या कडेला टेकायची. शेंगदाणे काढले तर खायची. कुणाची तरी नक्कल केली तर चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसायची. मला वाटायचं, मिरवायला येते. आपली सत्ता दाखवायला. घरी जाऊन मी रोज तेच दळण दळायचे, कुमुद असं म्हणाली, कुमुद तशी बसली. एकदा आमचे हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, “लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याबद्दल तू कधी एवढं बोलली नाहीस.”

पुढे परवाना वाढला, पंगतीची रांग संपली. मग सर्व्हर बदलला, साहेब बदलले, आम्ही दोघी निवृत्त झालो. फोन मात्र सुटला नाही. भांडायला ओळखीचं माणूस लागतं.

गेल्या दिवाळीनंतर मी गाझियाबादला तिच्याकडे गेले, ती आमची शेवटची भेट. पाहते तर फ्लॅटचं दार सताड उघडं. आतलंही आणि बाहेरचं जाळीचंही. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बंगळूरला, आणि ही एकटी बाई दार उघडं टाकून स्वेटर विणत बसलेली. मी बसेपर्यंत इस्त्रीवाली पाणी पिऊन गेली, वरच्या मजल्यावरची मुलगी गणित विचारून गेली, शेजारची पंजाबीण कढी-चावल ठेवून “आंटीजी, गरम गरम खा लेना” म्हणून गेली. आमच्या सोसायटीत बेल वाजते ती कुरिअरची.

“अगं, गाझियाबादमध्ये दार उघडं टाकून बसतेस? वेडी आहेस का?”

“बंद केलं की मला त्या खोलीत बसल्यासारखं होतं, ताई.”

“कुठल्या खोलीत?”

“आपल्या. एसीच्या.”

मी म्हटलं, “ती खोली? अगं, राज्य होतं तुझं ते. मे महिन्यात स्वेटर घालून बसायचीस.”

“हो, आणि काचेतून तुम्ही सगळे हसताना दिसायचात. ऐकू काही यायचं नाही. मला वाटायचं, आज विमलताईंच्या टेबलाशी काय चाललंय... उगाच कशी येणार बाहेर? साहेबांना वाटायचं, सर्व्हरपाशी माणूस हवंच. पाचांची पंगत भरली की मात्र कुणीतरी दार वाजवायचं. मग मला कारण मिळायचं.”

“ते परवान्यामुळे गं.”

ती सुयांवरचे टाके मोजल्यासारखं करत हसली. “साहेबांनी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, और लोगों का ले लें क्या? मी म्हटलं, सर, अभी चल जाएगा.”

“किती दिवस चालवलंस?”

“दोन उन्हाळे.”

“आणि मी कोरं पान उघडून बसायचे तेव्हा? एक बटण दाबून हाकलता आलं असतं मला!”

“हाकललं असतं तर लगेच परत जावं लागलं असतं. तुम्ही चिकटून बसायचात, म्हणून मला टेकायला मिळायचं.”

राग यायला हवा होता. दोन उन्हाळे सगळं ऑफिस त्या दारापुढे ताटकळलं, गुप्ताजींच्या पत्रांना उशीर झाला, माझी पाठ धरली... पण राग कुठला येतोय! खोड्या काढणं ही एवढीच एक गोष्ट मी माझ्या नावावर राखून ठेवली होती. त्यातही ही माझ्या पुढे, आणि इतकी वर्षं तोंडातून शब्द नाही. मी म्हटलं, “मला सांगायचं होतंस. मिळून केलं असतं.” ती म्हणाली, “तुम्ही संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सांगितलं असतं, ताई.” हेही खरं.

ती गेल्यावर गाझियाबादला पोचले, तर जिन्यात चपलांना जागा नव्हती. शेजारपाजारचे मुलाला विचारत होते, “बेटा, चौथा कब है?” आणि तो बिचारा आपल्याकडे तेरावा करतात हे समजावत होता. इस्त्रीवाली भिंतीला टेकून हमसून रडत होती. थकलेले गुप्ताजी काठी टेकत आले होते. मीही रडले, पण रडताना नजर फिरतच होती. माझ्या वेळी एवढे येतील?... तेराव्यानंतर मुलगा बंगळूरला निघाला तेव्हा मी तिथेच होते. त्याने आधी आतलं दार ओढलं, मग जाळीचं, आणि कुलूप घातलं. कुलूप नवं होतं, कागदातून काढलेलं. घरात जुनं सापडलंच नाही म्हणाला.

तेव्हापासून दुपारी मी आमचं दार उघडं ठेवते. सून धास्तावली आहे. मुलगा म्हणतो, “आई, हे नोएडा आहे यार.” नात म्हणते, “आजी, चोर येईल.” म्हटलं, आला तर बसेल. पहिल्या दिवशी एक मांजर आलं, घर बघून गेलं. मग पत्ता चुकलेला गॅसवाला. काल समोरच्या फ्लॅटमध्ये नव्याने राहायला आलेली मुलगी डोकावली, “आंटी, आप का दरवाजा खुला रह गया.”

“रह नहीं गया. रखा है. आ जाओ.”

ती आली. आधी खुर्चीच्या टोकाला बसली, मग नीट बसली. पाटण्याची आहे, घरून ऑफिसचं काम करते, दिवसभर लॅपटॉपशिवाय कुणाशी बोलणं नाही. चहा घेतला, सासूबद्दल जे सांगायचं ते सांगितलं, मी माझ्या सासूची नक्कल करून दाखवली. जाताना म्हणाली, “कल फिर आऊं?”

दार तसंच ठेवून मी कप विसळायला नेले. दोनच होते. कुमुदकडे या वेळेला बेसिन भरलेलं असायचं.